नऊ मार्कांची खाट

सोनाजीची बायको दवाखान्यात नापास झाली, ही बातमी मुकुंदवाडीच्या पत्र्याच्या खोल्यांतून निघून चिकलठाण्याच्या कारखान्यापर्यंत पोचायला एक पाळीसुद्धा लागली नाही. माणूस शाळेत नापास होतो, फार तर बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं होतो. पण पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलेली बाई दहापैकी एक मार्क घेऊन परत येते, असं कुणाच्या बापजन्मी ऐकलं होतं का? कारखान्यातले लोक विचारायचे, "का सोनाजी, वहिनी पुन्हा परीक्षेला बसणार हायेत का?" बिचाऱ्यानं लाजेनं कॅन्टीनमध्ये जायचं सोडलं.

शेवटी त्यानं पिशोरला निरोप धाडला आणि दुसऱ्याच दिवशी त्याची थोरली बहीण बानाबाई मेंढरं जावेच्या हवाली करून एस.टी.तून उतरली.

बानाबाई म्हणजे पिशोरच्या धनगरांचं तोंड. कुणाची सोयरीक जमवायची असो, तलाठ्याकडं काम असो, नाहीतर आपलं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात सापडल्याचं भांडण असो, पुढं बसून बोलायचं ते बानाबाईनं. ज्याचं काम असेल त्यानं मागं गप बसायचं, अशी त्यांच्याकडची रीत. आणि त्यात वावगं ते काय? नवरदेव कधी स्वतःच्या लग्नाची बोलणी करतो का? देवऋषीपुढं आजारी माणूस कधी तोंड उघडतो का? शेजारचाच सांगतो. ज्याचं दुखतं त्यानंच तोंडानं सांगत बसायचं, हे बानाबाईला भिकाऱ्याचं लक्षण वाटायचं.

"तू तिला एकटीला धाडलंसच कामून?" ती सोनाजीवर कडाडली. "जिचं पोट दुखायलंय तिला बोलायचं भान असतं व्हय रे? बैलानंच तिफण हाकायची म्हणं!"

सोनाजीची बायको मंजुळाबाई कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसली होती. लग्न होऊन वीस वर्षं झाली, पण मंजुळाबाई कधी पुरतं वाक्य बोलल्याचं आळीत कुणाला आठवत नव्हतं. कुणी काही विचारलं की ती म्हणायची, "बरं हाय." पाऊस पडला, बरं हाय. पाऊस नाही पडला, बरं हाय. डॉक्टरनं विचारलं, कसं वाटतंय, तरी बरं हाय. एक मार्क मिळाला तोसुद्धा आत येऊन खुर्चीवर बसली म्हणून.

आता हे मार्कांचं काय प्रकरण, ते सांगायला हवं. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत एका ट्रस्टचा दवाखाना होता. तिथं श्रीधर नावाचे तरुण डॉक्टर होते, हुशार, पण पुढच्या परीक्षेच्या नादानं पछाडलेले. त्या परीक्षेसाठी त्यांनी एक अभ्यास काढला होता. पेशंट आपलं दुखणं डॉक्टरला किती नीट सांगतो, ते मोजायचं. कुठं दुखतं, कधीपासून, कशानं वाढतं, कशानं थांबतं, आणि पेशंट डॉक्टरला उलट काही विचारतो का. प्रत्येकाला दोन मार्क. मोजायला कोपऱ्यात प्रमोदिनीबाई पेन्सिल घेऊन बसायच्या. बाई फार चोख, अर्धा मार्कसुद्धा उगीच द्यायच्या नाहीत. "कधीपासून दुखतं?" असं विचारल्यावर एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "थोरलीचं दुसरं बाळंतपण झालं तवापासून." बाईंनी बिनदिक्कत शून्य दिलं. थोरली कोण, हे बाईंना कसं कळावं!

डॉक्टरांच्या डोक्यात काही वाईट नव्हतं. पण लोकांनी त्याचा अर्थ काढायचा तो काढलाच. फाटकाशी चहाचा गाडा लावणारा पुंजाराम याबाबतीत अधिकारी माणूस. तो शपथेवर सांगायचा, "पाचाच्या खाली आलं का पांढरी गोळी. सात आले का सुई. आन् नऊ पडले तं सीधी खाट!" आणि खरं सांगू का, पुंजाराम अगदीच खोटं बोलत नव्हता. जो नीट सांगे त्याला डॉक्टर मन लावून तपासत, आणि जो पदर चावत बसे त्याला पांढरी गोळी मिळे. त्यामुळं सकाळच्या रांगेत बघावं तिकडं घोकंपट्टी चाललेली. एक पैलवान भिंतीकडं तोंड करून आपलं मूळव्याधीचं दुखणं पाठ म्हणत होता.

बानाबाईनं आदल्या संध्याकाळीच सगळी तयारी केली. मंजुळेला पुढ्यात बसवलं आणि वकिलानं साक्षीदार सोलावा तशी सोलली. इथं दुखतं का? मान हलली. खांद्यात जातं का? मान हलली. तळलेलं खाल्लं की? मान हलली, डोळ्यांत पाणी आलं. बानाबाईनं तिच्या पाठीवरनं हात फिरवला. ही पोर नवी नवरी होऊन आली तेव्हा बानाबाईनंच तिला भाकरी थापायला शिकवली होती. "तू भिऊ नको. तुला खाट मिळवून दिल्याबिगर म्या पिशोरला जात नाय," ती म्हणाली.

सकाळी दोघी दवाखान्यात आल्या. मंजुळा बोचकं घेऊन अंगणातल्या लिंबाखाली बसली. आतून हाळी आली, "मंजुळाबाई सोनाजी!" आणि बानाबाई पदर खोचून आत गेली. यात लबाडी करतोय असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. सोयरिकीला गेल्यावर "आमचं म्हणणं असं हाय" म्हणायचं असतं, तेव्हा लग्न काय स्वतःचं असतं?

"कुठं दुखतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"इथं, उजव्या बरगडीच्या खाली. इथनं निघतं आन् मागनं खांद्यापातूर चढतं."

"कधी दुखतं?"

"तेलातुपाचं खाल्लं का. भाकर-ठेचा खा, काय म्हणत नाय. आखाडात तळण खाल्लं तं लई जीव घेतला. एकदा उठलं का पायलीभर दळून होस्तवर ऱ्हातं. मंग हिरवी उलटी व्हती, कडूजहर, आन् मोकळं पडतं."

डॉक्टर खुर्चीत पुढं सरकले. प्रमोदिनीबाईंची पेन्सिल भराभरा चालू लागली.

"तुम्हाला मला काही विचारायचंय?" डॉक्टर म्हणाले. या प्रश्नावर आजवर भल्याभल्यांची दांडी उडाली होती.

"इचारायचंय की! कापावं लागंल का? कापलं तं किती दिवस घागर उचलायची नाय? आन् तिच्या... माझ्या नवऱ्याला हे तुम्ही सांगता का म्या सांगू?" एवढ्यावर थांबली असती तर दहापैकी दहा पडले असते. पण तिनं प्रमोदिनीबाईंकडं वळून विचारलं, "बाई, तुमचं लग्न झालंय का?" आणि एक मार्क कापला गेला.

डॉक्टर एवढे खूश झाले, की त्यांनी तिला डोक्यापासून तपासायला घेतलं. दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबला, पारा वर गेला. डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी दुसऱ्या दंडाला पट्टा बांधला. पारा तिथंही तसाच चढलेला.

"बाई, डोकं दुखतं का? धाप लागते?"

बानाबाईनं क्षणभर विचार केला. मंजुळेला धाप लागत नव्हती. "नाय बा. तसलं काय नाय."

"रात्री झोप लागते?"

मंजुळा तर डोकं टेकलं की घोरायची. "मुडद्यावानी," बानाबाईनं ठोकून दिलं.

"तुमचं बीपी दोनशेच्या वर आहे. घरी जायचं नाही. आत्ताच्या आत्ता दाखल व्हा," डॉक्टर म्हणाले. "बायकांच्या वॉर्डात एकच खाट शिल्लक आहे."

बीपी की काय ते गेलं खड्ड्यात. बानाबाईच्या कानांनी खाट एवढंच ऐकलं. ती लिंबाखाली आली, तेव्हा धाप लागली होती आणि तोंडावर हसू मावत नव्हतं. "ऊठ मंजुळे! नऊ पडले, नऊ!"

अशा रीतीनं मंजुळाबाई खाटेवर गेली आणि बानाबाई तिच्या पायाशी सोबतीण म्हणून बसली. वॉर्डात त्या दिवशी दुसरंच वादळ चाललं होतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून उद्या बंद पुकारला होता, आणि खिडकीजवळच्या खाटेवरच्या बाईचं म्हणणं होतं, की नावात काय ठेवलंय? वॉर्डाची आया भागूबाई फरशी पुसता पुसता थांबली. तिचा पुतण्या नामांतराच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आला होता. "काय नाय ठेवलं तं मंग द्या की बाई," ती शांतपणे म्हणाली. "फुकटची वस्तू द्यायला एवढी आग कामून व्हायली?" त्या बाईनं कूस बदलली.

तेवढ्यात नर्सनं दारातून विचारलं, "मंजुळाबाई कोण?" आणि बानाबाई सवयीनं म्हणाली, "म्या!" मग जीभ चावून तिनं खाटेकडं बोट केलं. नर्स गोळी देऊन गेली. पण भागूबाईचं लक्ष गेलं होतं. ती फडकं टाकून जवळ आली, हळूच चौकशी केली, आणि सगळं कळल्यावर कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बया! एक नाव बदला म्हणून आमची माणसं इतकी वर्षं लाठ्या खायलीत. आन् तुम्ही सकाळच्या पारी बदललं, तं दवाखान्याला पत्ता नाय!" ती हसली, पण लगेच गंभीर झाली. "बाई, डाक्टरला सांगून टाका. गोळ्या कुणाच्या, पोटात कुणाच्या."

"सांगितलं तं खाट जाईल," बानाबाई म्हणाली. "एकच हाय."

दुपारी डॉक्टर श्रीधर प्रमोदिनीबाईंना घेऊन वॉर्डात आले. आता तुम्ही म्हणाल, बाई बदललेली डॉक्टरांना कळलं कसं नाही? अहो, सकाळपासून शंभर पेशंट बघणारा माणूस. आणि मंजुळेचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, प्रमोदिनीबाईंची नजर कागदावर. डॉक्टरांनी नेहमीसारखं पाऱ्याकडं बघितलं. बीपी एकदम उतरलं होतं, हे बरं झालं.

"कसं वाटतं, मंजुळाबाई?"

पदरातून आवाज आला, "बरं हाय."

"पोटात कळ आली का पुन्हा?"

"बरं हाय."

डॉक्टर थबकले. त्यांनी प्रमोदिनीबाईंकडं पाहिलं. सकाळी या बाईनं धबधब्यासारखं सांगितलं होतं, आणि आता हे दोन शब्द! "किती द्याल?" त्यांनी हळूच विचारलं. बाईंनी गंभीरपणे एक बोट वर केलं. सकाळी नऊ, दुपारी एक.

डॉक्टरांना दरदरून घाम फुटला. दोनशेच्या वर बीपी आणि त्यापाठोपाठ वाचा गेलेली! मेंदूत रक्त उतरलं, दुसरं काय असणार? "बाई, जीभ बाहेर काढा," ते ओरडले.

परक्या पुरुषासमोर जीभ? मंजुळेनं तोंड घट्ट मिटून घेतलं.

"जीभ निघत नाही!" डॉक्टर प्रमोदिनीबाईंना म्हणाले. "हात वर करा. दोन्ही."

हात वर केले तर पदर सुटला असता. मंजुळेनं हात छातीशी आवळले. "हातही उचलत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "सिस्टर, पाठीच्या कण्यातून पाणी काढायची सुई तयार करा. मोठी."

सुई आली. ती सुई कसली, दाभणच. "बोल गं मंजुळे! डाक्टरला बोलून दाव!" बानाबाई भावजयीला गदागदा हलवू लागली. मंजुळा सुईकडं बघून पार थिजली होती, तिच्या तोंडून आता बरं हायसुद्धा निघेना. नर्सनं तिला कुशीवर वळवायला हात लावला, आणि बानाबाई दोघींच्या मध्ये पडली.

"थांबा! तिला काय झालं नाय. ती जल्मापासून अशीच हाय. सकाळी म्या बोलले."

डॉक्टरांनी पहिल्यांदा बानाबाईचं तोंड नीट पाहिलं, मग प्रमोदिनीबाईंनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. लग्नाचं विचारणारी बाई ती हीच.

"म्हणजे तुम्ही दुसऱ्याचं दुखणं सांगून मार्क घेतलेत?" डॉक्टर संतापले.

"मंग? सोताचं कोण सांगतं? दुखणं तिचं खरं हाय. दाबून बघा."

डॉक्टरांनी रागारागानं मंजुळेच्या उजव्या बरगडीखाली बोटं दाबली. मंजुळा खाटेवरून वीतभर उडाली. जसं सांगितलं होतं तस्संच, तिथल्या तिथं. पित्ताशयाचे खडे, दुसरं काही नाही. डॉक्टरांचा राग थोडा निवला, आणि मग एकदम त्यांच्या लक्षात आलं.

"पण मग सकाळचं बीपी कुणाचं?"

बानाबाई गप्प झाली. पिशोरचं तोंड गप्प झालं! खाट एक होती, आणि ज्याचं बीपी त्याची खाट, हे तिनं तेवढ्यात ताडलं होतं.

"कुणाचंबी नसंल," ती म्हणाली. "यंतर बिघडलं असंल तुमचं. लई जुनं दिसतं."

"दोनदा बघितलं मी. दोन्ही दंडांना. तुमचंच आहे ते. काय त्रास होतो तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय? म्या बरी हाय."

आणि तेव्हा मंजुळाबाई खाटेवरून खाली उतरली. पोटाला एक हात धरून, दुसऱ्या हातानं पदर डोक्यावर मागं सारून, ती डॉक्टरांसमोर उभी राहिली. खिडकीजवळची बाई उठून बसली.

"खोटं बोलायली," मंजुळा म्हणाली. "बीपी आक्काचं हाय. खाटबी तिला द्या."

"मंजुळे, गप बस!"

"नाय बसत. आता बोलूनच घेते." तिचा आवाज बारीक होता, पण थांबत नव्हता. "डाक्टरसायब, आक्का आमच्याकडं आली का रातची आडवी व्हत नाय. भिंतीला टेकून बसती, म्हणती मेंढरांची राखण करायची सवय हाय. आमच्या खोलीत कुठली आली मेंढरं? पाय सुजतात. आवंदा जोडवी सोनाराकडनं कापून काढली आन् सांगितलं का ढिली झाली व्हती. धा पावलं चालली का काहीतरी पडल्यासारखं करून भुईवर हुडकत बसती. काय पडलेलं नसतं. दम खायली असती." तिनं श्वास घेतला. "काल माझ्या पाठीवरनं हात फिरवला तवा तिचंच काळीज एवढं धडधडायलं व्हतं, का मला पाठीत कळायलं."

प्रमोदिनीबाई लिहायचं विसरून ऐकत होत्या. डॉक्टरांचा आवाज एकदम खाली आला. "मंजुळाबाई, इतकं सगळं ठाऊक होतं, तर आधी का नाही बोललात?"

"माझं सांगायला आक्का हाय, म्हणून मला कधी बोलायचं काम पडलं नाय. आक्काचं सांगायला कुणीच नव्हतं, हे आज कळालं मला." आणि मंजुळा तोंडात पदर कोंबून हमसाहमशी रडायला लागली.

इतकी वर्षं आपल्याकडं कुणी बघतंय, हे बानाबाईच्या गावीही नव्हतं. तिला राग आला, लाजही वाटली, आणि बरं इतकं वाटलं की ते तिला सहन होईना.

"आन् खाट?" तिनं कसंबसं विचारलं. "तिला कापायचं असंल तं?"

"मार्कांवर खाट मिळते हे तुम्हाला सांगितलं कुणी?" डॉक्टरांनी विचारलं. सगळ्या वॉर्डानं एकसाथ फाटकाकडं बोटं केली. डॉक्टर पुंजारामला शिव्या द्यायला तोंड उघडणार, तोच प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "डॉक्टर, मंगळवारी ह्याच बाई आल्या होत्या, तेव्हा आपण त्यांच्या पोटाला हातसुद्धा लावला नव्हता." डॉक्टरांनी तोंड मिटलं.

खाटेचा प्रश्न भागूबाईनं सोडवला. उद्याच्या बंदमुळं एस.टी. चालणार नव्हत्या, बाहेरगावची ऑपरेशनं पुढं ढकललेली. त्यातली राखून ठेवलेली खाट तिनं ओढत आणून या खाटेला चिकटवली. "घ्या. नामांतर व्हईल तवा व्हईल. आज बानाबाईला बानाबाईचं नाव लावा म्हंजे झालं," ती म्हणाली.

नवा केसपेपर आला. डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली, बीपीचं यंत्र बाजूला ठेवलं आणि बानाबाईच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "आता तुमचं तुम्ही सांगा."

"तिनं सांगितलं की समदं."

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

बानाबाईनं छताकडं बघितलं, मग खिडकीकडं, मग भागूबाईच्या बादलीकडं. सोयरिकी, तलाठी, भांडणं, सगळ्यांसाठी तिच्याकडं शब्द होते. स्वतःसाठी कधी साठवलेच नव्हते. मंजुळेनं शेजारच्या खाटेवरून हात लांब करून तिचं मनगट धरलं.

"आडवं झालं का... बुडाल्यावानी व्हतं," बानाबाई पुटपुटली. "लई भ्या वाटतं."

"काय म्हणालात?" डॉक्टर पुढं वाकले.

"मोठ्यानं सांगा आक्का," मंजुळा म्हणाली. "डाक्टरला ऐकू आलं नाय."

आणि बानाबाईनं पुन्हा सांगितलं.